ख्रिस्तोफर स्ट्रॅची : एका शाळामास्तराची विद्या

ख्रिस्तोफर स्ट्रॅची हे नाव आपल्या वार्षिकात यापूर्वी कधी छापले गेले असेल असे मला वाटत नाही. लिटन स्ट्रॅची हे नाव मात्र इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना नवे नाही. १९१८ साली व्हिक्टोरियन काळातील चार बड्या व्यक्तींची चरित्रे लिहून ज्याने चरित्रलेखनाची रीतच पालटून टाकली, तोच हा लिटन. ख्रिस्तोफर हा त्याचा पुतण्या. काकाने शब्दांशी झुंज घेतली, पुतण्याने संगणकाला द्यायच्या भाषेशी. संगणकाचा विषय निघाला की आपण कला शाखेची मंडळी पान उलटतो. वाचकांनी या वेळी तसे करू नये अशी विनंती आहे. कारण हा मनुष्य मूलतः भाषेचा अभ्यासक होता, असे माझे मत आहे आणि ते मी पुढे मांडणार आहे.

प्रथम घराण्याविषयी. ख्रिस्तोफर यांचे आजोबा सर रिचर्ड स्ट्रॅची हे हिंदुस्थानात नोकरी केलेले लष्करी अभियंते. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनवर जो भीषण दुष्काळ कोसळला, त्यानंतर १८७८ साली सरकारने दुष्काळ आयोग नेमला आणि त्याचे अध्यक्षपद रिचर्ड यांच्याकडे आले. आमच्या निरवांगीच्या लोकांना त्या दुष्काळाची आठवण वेगळी करून द्यावी लागत नाही. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून जाणारा नीरा डावा कालवा त्याच दुष्काळाच्या कामांतून आकाराला आला. आमचे गाव नीरा नदीच्या काठचे, पण कालव्याच्या हिशेबाने शेपटाकडचे. पाळी केव्हा येते आणि चारीला पाणी किती उरते, यावर घरातले बोलणे ठरते. रिचर्ड यांनी आमचा कालवा खणला असे मी म्हणत नाही. त्यांच्या आयोगाच्या अहवालातून पुढे दुष्काळ संहिता जन्माला आल्या, एवढाच त्यांचा आणि आमचा संबंध. मात्र त्या संहितांतील एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दुष्काळी कामांचे आराखडे आधीच तयार करून ठेवायचे आणि काम मात्र पाऊस हुकल्यावर, माणसे मागायला आल्यावर उघडायचे. नातवाच्या विद्येकडे वळल्यावर या गोष्टीचा उपयोग होईल.

वडील ऑलिव्हर काही काळ ईस्ट इंडियन रेल्वेत होते आणि पुढे शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामात नावाजले. आई रे स्ट्रॅची स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या कार्यकर्त्या आणि लेखिका. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एक गंमत सांगतो. या पती-पत्नींनी मिळून मुंबईतल्या रिचर्ड केग्विनच्या १६८३-८४ च्या बंडावर एक पुस्तक लिहिले; हाच तो केग्विन, ज्याने संभाजी महाराजांशी तह केला. पुस्तक निघाले १९१६ साली आणि त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला लंडनच्या हॅम्पस्टेड भागात ख्रिस्तोफर यांचा जन्म झाला. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल हे या मुलाच्या आईच्या मावशीचे यजमान. थोडक्यात, घरात विद्वानांची दाटीच होती.

अशा घरातला मुलगा म्हणजे विद्यापीठात चमकलाच असेल, असे कोणालाही वाटेल. तसे झाले नाही. १९३५ साली ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गणित शिकायला गेले. अभ्यासाकडे लक्ष नव्हते. तिसऱ्या वर्षी मनाची प्रकृती बिघडली, वर्ष वाया गेले आणि अखेर विज्ञान विषयात कनिष्ठ दुसऱ्या वर्गाची पदवी पदरात पडली. संशोधन करायची इच्छा होती, पण असल्या गुणांवर कोण उभे करणार? युद्धकाळात एका टेलिफोन कंपनीत रडारच्या नळ्यांची आकडेमोड त्यांनी केली आणि युद्ध संपताच कँटरबरीच्या शाळेत मास्तरकी पत्करली. १९४९ साली हॅरो या प्रसिद्ध शाळेत गेले, तरी तेही शिक्षकच. वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत त्यांच्या नावावर मिरवण्यासारखे काही नव्हते. आपल्याकडे गुणपत्रिका पाहून माणसाचे भविष्य वर्तवणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हा परिच्छेद मी मुद्दाम लांबवला.

१९५१ च्या जानेवारीत एका मित्राच्या ओळखीने ते लंडनजवळच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतला संगणक पाहून आले. शाळेच्या वेळेव्यतिरिक्त बसून त्यांनी ड्राफ्ट्स या पटावरच्या खेळाची आज्ञावली लिहिली. यंत्राने माणसाशी खेळावे ही कल्पना. प्रयोगशाळेतल्या त्या यंत्राच्या तुटपुंज्या स्मरणशक्तीत ती नीट बसेना. तेव्हा त्यांनी अ‍ॅलन ट्युरिंग यांच्याशी संपर्क साधला. ट्युरिंग हेही किंग्ज कॉलेजचेच, पूर्वीपासून परिचयाचे, आणि त्या वेळी मँचेस्टरला होते. तिथल्या यंत्राची पुस्तिका मागवून स्ट्रॅचींनी शाळेत बसून एक भली लांब आज्ञावली लिहिली. ती घेऊन ते मँचेस्टरला गेले, रात्रभर यंत्रापाशी बसले, आणि आज्ञावली चालली. एवढेच नव्हे, काम संपताच यंत्राच्या भोंग्यातून ब्रिटनच्या राष्ट्रगीताची धून वाजली. एका अनोळखी शाळामास्तराने केलेला हा पराक्रम पाहून तिथले लोक चकित झाले. बीबीसीने त्याच वर्षी त्या यंत्राचे संगीत ध्वनिमुद्रितही केले. १९५२ च्या उन्हाळ्यापर्यंत यंत्र ड्राफ्ट्सचा पूर्ण डाव खेळू लागले, आणि त्याच वर्षी त्यांनी यंत्राकडून प्रेमपत्रेही लिहवून घेतली. शब्दांच्या याद्या द्यायच्या, वाक्याचा साचा द्यायचा आणि कोणता शब्द पडेल ते नशिबावर सोडायचे. व्याकरण बरोबर आणि मजकूर हास्यास्पद, असा तो प्रकार होता. मला त्यात लिटनचा पुतण्या दिसतो.

जून १९५२ मध्ये शाळा सुटली आणि ते संशोधनाला आर्थिक पाठबळ देणाऱ्या एका सरकारी महामंडळात दाखल झाले. इथला काळ मी झरझर सांगतो. त्याच वर्षी शरदात कॅनडातील टोरांटोला जाऊन त्यांनी सेंट लॉरेन्स नदीच्या जलमार्गासाठी पाण्याच्या प्रवाहाची किचकट गणिते यंत्राकडून करवून घेतली. आजोबांनी कालवे पाहिले, नातवाने नदीचा हिशेब आकड्यांत केला! पुढे पेगॅसस नावाच्या संगणकाची रचना झाली. १९५९ साली पॅरिसच्या परिषदेत त्यांनी एका यंत्राचा वेळ अनेक कामांत वाटून द्यावा, यावर निबंध वाचला. आपण आज ज्याला सामायिक वापर म्हणतो तो नेमका त्यात नव्हता, तरी दिशा तीच होती. त्याच वर्षी नोकरी सोडून त्यांनी स्वतंत्र सल्लागाराचा धंदा थाटला. पुढे पदरचे पैसे देऊन त्यांनी पीटर लँडिन नावाचा तरुण मदतनीस ठेवला आणि त्याला मुभा दिली ती गणिती तर्काचा एक जुना ग्रंथविषय चाळण्याची. हा विषय म्हणजे अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात रचलेले लॅम्बडा कलन. ग्रीक लिपीतील लॅम्बडा हे अक्षर लावून फलन लिहायचे, त्याला नाव द्यायची गरज नाही, ही त्यातली मुख्य सोय.

१९६२ साली ते केंब्रिजच्या गणित प्रयोगशाळेत गेले. तेथे आणि लंडनमध्ये मिळून सीपीएल नावाची एक महत्त्वाकांक्षी भाषा घडवण्याचे काम सुरू झाले. ती कधीच पूर्णपणे यंत्रावर उतरली नाही. स्ट्रॅची अर्धवट गोष्ट सहन करीत नसत. विचार तडीस जाईपर्यंत लिहायचे नाही आणि लिहिले तरी छापायचे नाही, असा त्यांचा स्वभाव. तो मोठेपणाचा भाग असेलही, पण त्याची किंमत इतरांनाही मोजावी लागली, असे माझे स्पष्ट मत आहे. तथापि त्या अपुऱ्या भाषेची एक छोटी आवृत्ती मार्टिन रिचर्ड्स यांनी १९६७ साली बीसीपीएल म्हणून काढली. तिच्यातून बी, बीमधून १९७० च्या दशकारंभी डेनिस रिची यांची सी, आणि सीच्या वळणावर १९९५ साली आलेली जावा. आज आपल्या तालुक्यांतून पुण्याला नोकरीसाठी जाणारी कितीतरी मुले या जावावर पोट भरतात. माझा चुलतभाऊ त्यांपैकीच. सुटीत तो घरी आला की त्याच्याशी या विषयावर बोलणे होते, आणि हा लेख त्यातूनच सुचला.

आता गाभ्याकडे वळू. १९६५ साली स्ट्रॅची ऑक्सफर्डला गेले आणि तेथे आज्ञावली-संशोधनाचा एक लहानसा गट त्यांनी उभारला. ऑगस्ट १९६७ मध्ये कोपनहेगनच्या उन्हाळी वर्गात त्यांनी जी व्याख्याने दिली, त्यांत त्यांनी कोणतेही नवे यंत्र दाखवले नाही. त्यांनी भाषेतल्या साध्या गोष्टींचे अर्थ तपासले. उदाहरणार्थ, एका नावाला मूल्य द्यायचे असते तेव्हा डावीकडे एक नाव असते आणि उजवीकडे एक नाव असते. दोन्हीकडे तेच नाव लिहिले तरी अर्थ एक नव्हे. सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो आणि पीकपाण्याची नोंद असते. गट ही जागा आहे, पीक हे तिथे सध्या असलेले काही आहे. डावीकडचे नाव गटासारखे, उजवीकडचे पिकासारखे. हे कळायला तीक्ष्ण व्याकरणदृष्टी लागते.

मग ते एक पाऊल पुढे गेले. जागा म्हणजे खरोखर काय? यंत्राच्या आतला अमुक क्रमांकाचा कप्पा? त्यांचे उत्तर असे, की कप्पा दुय्यम आहे. जागा म्हणजे दोन क्रियांची जोडी : विचारले असता मूल्य आणून देणारी एक आणि नवे मूल्य दिले असता ते ठेवणारी दुसरी. ज्या कशाकडे या दोन क्रिया आहेत, ती जागाच समजावी, मग आत काहीही घडत असो. पाटकऱ्याने चारीचे दार उघडले की पाणी येते. ते भाटघरचे की वीरचे, हे वाफ्याला विचारावे लागत नाही.

या जोडीतली पहिली क्रिया एकटी उचलली, की जावामध्ये ज्याला सप्लायर म्हणतात ती गोष्ट हाती येते. जावा ही ऑब्जेक्टांची भाषा. तिच्यात सर्व व्यवहार ऑब्जेक्टांच्या द्वारे चालतो. इंटरफेस म्हणजे करारपत्र : अमुक क्रिया मी करून देईन, कशी करीन ते माझ्याकडे. ज्या करारात पुरवायची क्रिया एकच, तो फंक्शनल इंटरफेस. सप्लायर हा त्यातला सर्वांत साधा. त्याची एकच क्रिया, तिचे नाव गेट. ती काही मागत नाही, फक्त एक ऑब्जेक्ट देते. इतक्या क्षुल्लक गोष्टीचे कौतुक काय, असे मलाही पहिल्यांदा वाटले.

कौतुक वेळेचे आहे. पाहुणा जेवायला थांबेल की नाही हे ठाऊक नसता आधीच भाकऱ्या थापून ठेवाव्यात, की तो पाटावर बसल्यावर? पहिल्या रीतीत भाकरी हातात द्यायची. दुसऱ्या रीतीत भाकरी करून देण्याचे आश्वासन द्यायचे. आपल्या राज्यातल्या रोजगार हमी योजनेचे उदाहरण अधिक नेमके आहे. १९७२ च्या दुष्काळात तिने जोर धरला आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तीत कामे आधी उघडत नाहीत. मंजूर कामांचे आराखडे शेल्फवर ठेवतात आणि मजुराने मागणी केली की पंधरा दिवसांत काम द्यायचे असते. शेल्फवरचा आराखडा म्हणजे सप्लायर, मागणी म्हणजे गेट, आणि प्रत्यक्ष सुरू झालेले काम म्हणजे ऑब्जेक्ट. आजोबांच्या संहितेतली जी गोष्ट मी वर ध्यानात ठेवायला सांगितली, ती हीच.

चुलतभावाने यंत्रावर दाखवलेला प्रकार असा. आज्ञावली चालताना नोंदी लिहिते. प्रत्येक नोंदीचा मजकूर जुळवायला वेळ लागतो आणि बहुतेक नोंदी बंद ठेवलेल्या असतात, म्हणजे ती मेहनत वाया. २०१४ पासून जावात मजकुराऐवजी मजकूर देणारा सप्लायर देता येतो. नोंद चालू असेल तरच गेट म्हटले जाते आणि तरच मजकूर तयार होतो.

परंतु या सोयीच्या पोटात दोन खोडी आहेत, आणि त्या सांगितल्याशिवाय हे वर्णन एकांगी होईल. एक : गेट म्हटल्यावर दर वेळी नवे ऑब्जेक्ट मिळेल, असे करारात कुठेही लिहिलेले नाही. आडातला पोहरा दर खेपेला नवे पाणी काढतो, परंतु गावची सामायिक भांडी मागितली की तीच भांडी येतात, मागच्या लग्नाच्या पोच्यांसह. कोणता सप्लायर पोहरा आणि कोणता भांड्यांचा हे नावावरून कळत नाही. दुसरी : जे लांबणीवर पडते त्याची चूकही लांबणीवर पडते. शेल्फवरच्या कामाची मोजणीच झालेली नाही, हे मागणीच्या दिवशी उघडकीस येते. तोवर आराखडा करणारा दुसऱ्या गावी बदलून गेलेला असतो. यंत्रातही तसेच होते. दोष एका ठिकाणचा आणि बोंब भलत्याच ठिकाणी.

आता प्रश्न असा की इतकी साधी कल्पना जावात यायला २०१४ साल का उजाडावे? याचेही उत्तर १९६७ च्या त्याच व्याख्यानांत आहे. स्ट्रॅचींनी दाखवले, की त्या काळच्या अल्गोल या भाषेत संख्येला जे मान आहेत ते फलनाला नाहीत. संख्या नावाला देता येते, दुसऱ्या क्रियेकडे पाठवता येते, उत्तर म्हणून परत घेता येते; फलन फार तर पाठवता येते. त्यांनी संख्येला पहिल्या दर्जाचा आणि फलनाला दुसऱ्या दर्जाचा नागरिक म्हटले. आपल्या भाषेत सांगायचे तर संख्या पंगतीत बसते आणि फलन ओसरीवर थांबते. हा शब्दप्रयोग ज्याने केला तो सर रिचर्ड यांचा नातू आणि मताधिकारासाठी लढणाऱ्या रे यांचा मुलगा होता, हे मला योगायोगाने वाटत नाही. अर्थात हा माझा तर्क आहे.

जावातही फलन बरीच वर्षे ओसरीवरच होते. त्याला आत घ्यायचे तर ऑब्जेक्टाचा अंगरखा चढवावा लागे. एका ओळीच्या कामासाठी पाच ओळींचा सरंजाम. २०१४ साली जावाच्या आठव्या आवृत्तीत लॅम्बडा आले आणि फंक्शनल इंटरफेसाच्या ओळखपत्रावर फलनाला पाट मिळाला. अंगरखा गेला असे नव्हे, तो भाषा स्वतःच चढवते, एवढेच. जावाच्या कर्त्यांनी ही कल्पना थेट स्ट्रॅचींकडून घेतली असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मधल्या काळात अनेकांचे हात लागले. नॉर्वेच्या डाल आणि नायगार्ड यांच्या सिम्युला ६७ मधून ऑब्जेक्ट आले, लँडिन यांनी फलनासोबत त्याचे परिसरज्ञानही बांधून देण्याची युक्ती १९६४ सालीच मांडली होती. मात्र हा भेद नेमक्या शब्दांत पकडून त्याला नाव देण्याचे श्रेय स्ट्रॅचींचेच.

ऑक्सफर्डच्या वर्षांतील शेवटचा मोठा प्रसंग १९६९ च्या शरदातला. डॅना स्कॉट हे अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ तेथे आले. स्ट्रॅची आज्ञावलीचा अर्थ लॅम्बडा कलनात लिहीत होते, आणि स्कॉट यांचा आक्षेप असा, की जे फलन स्वतःलाच लागू करता येते त्याला गणितात पाया कुठे आहे? रसेल यांनी स्वतःकडे वळणाऱ्या कल्पनांतून विरोधाभास निघतो हे कधीच दाखवून दिले होते. म्हणजे नात्यातल्याच माणसाने घातलेले कुंपण! काही आठवड्यांत स्कॉट यांनी स्वतःच तो पाया शोधून काढला, आणि १९७१ साली दोघांच्या नावाने निबंध आला. आज्ञावली चालवून न पाहता तिचा अर्थ गणिताने सांगण्याची विद्या तेथून दृढ झाली. त्याच वर्षी स्ट्रॅचींना प्राध्यापकपद मिळाले. ज्याला संशोधनाला कोणी उभे केले नव्हते, तो पंचावन्नाव्या वर्षी ऑक्सफर्डचा प्राध्यापक झाला.

पुढे रॉबर्ट मिल्न या शिष्याबरोबर एका मोठ्या पारितोषिकासाठी प्रचंड प्रबंध लिहिण्यात त्यांनी स्वतःला झिजवले. तो पुरा झाल्यावर आजारपण आले. प्रथम कावीळ समजली गेली, मध्यंतरी उतारही पडला, पण दुखणे उलटले आणि १८ मे १९७५ रोजी यकृताच्या संसर्गजन्य विकाराने ते गेले. वय अठ्ठावन्न. लग्न केलेले नव्हते. प्रबंध मिल्न यांनी संस्कारून १९७६ साली पुस्तकरूपाने काढला. १९७७ साली त्यांच्या जागी टोनी होअर आले.

कोपनहेगनच्या त्या व्याख्यानांची टिपणे त्यांच्या हयातीत छापलीच गेली नाहीत. चक्रमुद्रित प्रतींवरून प्रती निघत, एका विद्यापीठातून दुसऱ्यात जात, आणि न छापलेल्या मजकुराचा आधार छापील निबंधांत दिला जाई. एका नियतकालिकाने स्ट्रॅचींच्या स्मरणार्थ काढलेल्या अंकात ती प्रथम छापली, तेव्हा २००० साल उजाडले होते.